आमच्या मोनिकाचं आर अँड बी

आमची मोनिका गाती. काय गाती ते मला विचारू नका, सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. त्याला आर अँड बी म्हणतेत. ती पहिल्यांदा फोनवर म्हणली, "आत्या, मी आर अँड बी करून राह्यले," तव्हा मला वाटलं, बीएड-डीएडसारखंच काहीतरी असल. मी साऱ्या गल्लीत सांगून मोकळी झाले. शेजारची कांताबाई म्हणली, "किती वर्षाचं असतं ते?" म्हणलं, "दोन." "मंग नोकरी लागती का?" म्हणलं, "न लागायला काय झालं? आमच्या घरात कोणी फुकट शिकत न्हाई." सगळं माझ्या मनानं ठोकून दिलं. दिवाळीला मोनिका आली तर कांताबाईनं तिला दारातच धरलं आन् विचारलं, "पास झाली का गं?" पोरगी हसून हसून ओट्यावर आडवी.

मी साळूबाई. त्रिंबकची थोरली बहीण, म्हंजे मोनिकाची सख्खी आत्या. टेंभुर्णीत जन्मले आन् टेंभुर्णीतच दिली. सासर-माहेराच्या मधी एकच गल्ली, त्यामुळं भावाच्या घरी काय शिजून राह्यलं ते मला फोडणीच्या वासावरून कळतं. आमचा बाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा. आता मेंढरं गेली. त्रिंबकला थोडी कपाशी हाय, थोडी मका हाय, आन् दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवतो.

आन् माझं काय हाय? माझं मंगलाष्टक हाय. आमच्याकडं लग्नात मंगलाष्टक कोणीबी म्हणतं. मामा म्हणतो, गुरुजी म्हणतेत, नवरीची मैत्रीण मोबाइलमधी बघून म्हणती. म्हणू द्या. पण शेवटचं कडवं साळूबाईचं. त्या कडव्याच्या 'सावधान'वर लग्न लागतं, म्हणून त्याला मान. मांडवात दोन हजार लोकं असू द्या, लाइट असू द्या का नसू द्या, माझा 'सावधान' पार हनुमानाच्या पारावर ऐकू जातो. टेंभुर्णीतल्या अर्ध्या जोड्या माझ्या तोंडून लागल्यात. त्यातल्या काही भांडतेत, पण त्याला मी काय करू?

मोनिका लहान होती तव्हा तिला मी लग्नाला संगं न्यायचे. गळा गोड होता. म्हणलं, आपल्या मागं हीच. पण तिला सरळ म्हणताच येईना! 'मंगलम्' म्हण म्हणलं की 'म' वरून निघायची आन् 'ल' ला जाऊस्तर अशी वळणं घ्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी वाट चुकली. शाळेत गुरुजींनी समूहगीतातून काढून टाकली. म्हणले, "बाकीची पोरं गाणं संपवून वर्गात जाऊन बसतेत, ही आपली अजून दुसऱ्या ओळीवर." म्या बी तिला पाठीत धपाटा घातला, "सरळ म्हण की गं भवाने!" तर डोळे पुसत म्हणती कशी, "आत्या, सरळ म्हणलं की मला काहीच वाटत न्हाई."

पुढं ती कॉलेजला संभाजीनगरला गेली. तिथं होस्टेलच्या पोरीच्या मोबाइलमधी तिनं ते गाणं ऐकलं. दिवाळीला घरी आली, तर माझ्या एका कानात तिनं मोबाइलच्या वायरचं ते बोंडूक घातलं, दुसरं आपल्या कानात, आन् दोघी बसलो ओट्यावर. कोणीतरी बाई इंग्रजीत गाऊन राह्यली होती. मला एक शब्द कळंना. पण बाईनं एकच शब्द धरला होता. त्यालाच लाडीगोडी, त्याच्यावरच राग, पुन्हा त्यालाच जवळ घेणं. म्या म्हणलं, "हिला कोणी सोडून गेलं का गं?"

मोनिकानं मला असं आवळलं की माझा पदर सुटला. "बराबर! आत्या, तुला बिलकुल बराबर कळलं!"

"ह्यात काय कळायचं? बाई रडून राह्यली, त्याला इंग्रजी कशाला लागतं?"

मंग तिनं मला सांगितलं, हेच ते आर अँड बी, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. शेतात राबता राबता, त्यांच्या चर्चमधी गाता गाता ते लोकं असं गायला लागले. तिथं एका शब्दाला दहा वळणं घेतली तर कोणी धपाटा घालत न्हाई, उलट म्हणतेत, घे अजून. पोरीचे डोळे नुसते चमकून राह्यले होते. मला आपलं वाईट वाटलं. मनात म्हणलं, आपण हिला उगंच मारलं की. पण आत्यानं माफी मागायची रीत आमच्याकडं न्हाई.

बीएस्सी झाली, पुण्यात कंपनीत लागली, आन् संध्याकाळी एका हॉटेलात गायला लागली. मंग एक दिवस कंपनी सोडली. त्रिंबकनं इकडं घर डोक्यावर घेतलं. "पोरगी हॉटेलात गाती! लोकं काय म्हणतील?"

म्हणलं, "तू हॉटेलात बसून भजे खातो, तव्हा काय म्हणतेत लोकं?"

"आक्का, ते वेगळं."

"वेगळं कसं? तिला तिथं पैसे भेटतेत, तुझे तिथं जातेत. एवढंच वेगळं."

आशाबाई, आमची भावजय, चुलीपुढं तोंड फिरवून हसून राह्यली होती. त्रिंबक उठून गेला. पण पोरीचा फोन त्यानं बंद न्हाई केला, तेवढं बरं केलं.

मंग आलं ते गाणं. मोनिकानं सोताच केलं, आन् आपल्या बोलीत केलं. एक पोरगी जाफराबादच्या फाट्यावर उभी हाय, शेवटची गाडी निघून गेली, तो न्हाई आला. 'मंग मी कामून उभी, सांग ना', एवढीच ओळ, ती फिरून फिरून येती. मागं गिटार असं हळू की जणू त्यालाबी झोप आली. म्या ऐकलं आन् फोन लावला. "कोण होता गं तो?" ती म्हणली, "कोणी न्हाई आत्या, गाणंय." म्हणलं, "मला शिकवू नको. कोण्या गावचा?" शेवटपर्यंत सांगितलं न्हाई कारटीनं.

ते गाणं चाललं बाई! पुण्यात चाललं, मुंबईत चाललं. बेंगळुरात लोकं 'कामून' म्हंजे 'कशाला' असं एकमेकाला सांगून गायले म्हणे. जालन्याच्या पेपरात फोटो आला, दिल्लीला गाऊन आली. तिकडं लोकं तिकीट काढून येतेत आन् चिडीचूप ऐकतेत, असं ती सांगायची. म्या ते गल्लीत सांगितलं तर कांताबाई म्हणली, "चिडीचूप? मंग आवडलं न्हाई वाटतं."

तर आपल्या गावात काय झालं ते ऐका. गणपती मंडळानं मोनिकाचा कार्यक्रम ठेवला. गावची लेक म्हणून एवढं मोठं बॅनर. पहिले सत्कार झाले. सरपंचाचा झाला, माजी सरपंचाचा झाला, ज्यानं जनरेटर दिलं त्याचा झाला. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल, टोपी, नारळ. मंग पोरीनं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली आन् निवेदक मधीच, "आताच आपल्यात दाखल झालेले..." पुन्हा टॉवेल-टोपी. तिनं पुन्हा सुरू केलं. अर्ध्यात आली तर मागून पोरं ओरडली, "ताई, नाचायचं लावा!" आन् डीजेवाल्यानं खरंच लावलं! पोरगी माइक हातात धरून उभी, आन् तिच्याच पुढं सारं गाव नाचून राह्यलं. म्या डीजेवाल्याला चप्पल दाखवली, पण त्याला वाटलं मी बी नाचून राह्यले.

त्या दिवशी ती माझ्याकडं आली, पिठलं-भाकर खाल्ली आन् ताटावरच रडायला लागली. "आत्या, साऱ्या देशात माझं गाणं पुरं होतं. माझ्या गावात एकबी झालं न्हाई. बाबानं तर अजून एकदाबी शेवटपर्यंत ऐकलं न्हाई. मला बाकी काही नको, मानपान नको. एकदा, फक्त एकदा, आपल्या लोकांनी शेवटपर्यंत ऐकावं." म्हणलं, "होईल गं." कसं होईल, ते मलाबी ठाऊक नव्हतं.

मंग तिच्या भावाचं, करणचं, लग्न ठरलं. पोरगी अंकुशनगरची, शीतल. बाप अण्णासाहेब, तिकडं कारखान्यावर असतो, माणूस मोठा भारदस्त. लग्न आमच्या दारी धरलं. करण मोनिकाला म्हणला, "ताई, तुला माझ्याकडून साडी का अंगठी?" तर ही म्हणती, "मला शेवटचं कडवं पाहिजे."

ते माझ्या कानावर आलं आन् मी आहे तशी, पिठाच्या हातानं, गल्ली ओलांडून गेले. "काय गं? सारा देश तुझा झाला, आन् आता माझं एक कडवं उरलं होतं ते बी पाहिजे का?"

"आत्या, तू पहिली चार म्हण की."

"पहिली चार कोण ऐकतं? पहिली चार चालू असतेत तव्हा लोकं चपला शोधतेत!"

"म्हणूनच तर," मोनिका हळूच म्हणली. "शेवटच्याला सगळे थांबतेत. लग्न लागल्याबिगर कोणाला जेवता येत न्हाई. आत्या, आपल्या गावात लोकं गप उभी राहतेत असं ते एकच गाणं हाय."

बरोबर होतं तिचं. मला राग आला आन् पोरीच्या डोक्याचं कौतुकबी वाटलं, दोन्ही एकदम. म्या म्हणलं, "माझ्या मढ्यावर म्हण!" आन् घरी आले. घरी येऊन भाकऱ्या करपवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन म्हणलं, "घे. पण जल्दी म्हणायचं. ऊन लई हाय, मुहूर्त चुकला तर तुझा बाप मला खाईल."

"जल्दी म्हणते आत्या," ती म्हणली. खोटारडी!

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च. अंकुशनगरचं वऱ्हाड दोन ट्रॅव्हल्स भरून आलेलं. आमच्याकडं शेवटच्या 'सावधान'ची मोठी गंमत असते. तो पडला की एकदम तीन गोष्टी होतेत: उरल्यासुरल्या सगळ्या अक्षता पडतेत, बँड वाजतो आन् लोकं पंगतीकडं पळतेत. त्यासाठी सगळे आधीपासून तयार असतेत. आमचा बँडवाला राधेश्याम मांडवाच्या दाराशी हात वर करून उभा होता, हात खाली आला की ढोल सुरू. पुरुषांची तोंडं अंतरपाटाकडं, पण पाय आचाऱ्याकडं. बायांच्या मुठीत कुंकवानं रंगवलेली ज्वारी.

माझी चार कडवी झाली. मधी मधी निवेदकानं पाहुण्यांची नावं घेतलीच. त्रिंबक एका अंगाला अण्णासाहेबाला फेटा बांधून राह्यला होता. म्या माइक मोनिकाच्या हातात दिला. खरं सांगते, हात सुटंना. तिनं हळूच माझी बोटं सोडवली.

आन् तिनं सुरू केलं. शब्द तिचेच होते. करण लहानपणी बांधावर पडला ते, आशाबाईनं दोघांला एकाच ताटात जेवू घातलं ते, शीतलला आमच्या घरात आता काय काय सोसावं लागणार ते. बाया हसल्या. पहिल्या ओळीला पोरं एकमेकाला कोपरं मारून राह्यली होती. दुसऱ्या ओळीला थांबली. ती घाई करत नव्हती. 'बहीण' म्हणली आन् त्या 'ही'वर अशी रेंगाळली की म्या लहानपणी तिला ज्याच्यासाठी मारलं होतं तेच ते, पण आता माझ्या अंगावर काटा आला. त्रिंबकच्या हातातला फेटा अर्ध्यात थांबला. अण्णासाहेबाच्या एका कानावरून कापड लोंबून राह्यलं होतं, त्यालाबी भान न्हाई.

मंग ती शेवटाला आली. "शुभमंगल..." म्हणली.

आन् थांबली.

नुसती थांबली! डोळे मिटलेले, माइक तोंडाशी, एक हात वर. आवाज न्हाई. आता तुम्हीच सांगा, आमच्या मांडवात माइक गप कवा होतो? लाइट गेल्यावर! जनरेटरवाला "गेली रे!" म्हणून पळाला आन् दोरी ओढून जनरेटर सुरू केलं. इकडं लोकांला वाटलं, 'सावधान' झाला, आपल्यालाच ऐकू आला न्हाई. धडाधडा अक्षता पडल्या, साऱ्या, मूठ झाडून. मागचे लोक पंगतीकडं निघाले. राधेश्यामनं ढोलवाल्याकडं पाह्यलं. गुरुजी घड्याळ दाखवून राह्यले. आन् ज्यांला कळलं की 'सावधान' अजून यायचाच हाय, ते सगळे बघायला लागले माझ्याकडं. करण बी माझ्याकडं, त्रिंबक बी माझ्याकडं. त्यांला वाटलं, पोरगी विसरली. आता साळूबाई, तू म्हण.

माझ्या जिभेवर होता की तो. निवेदकानं त्याचा माइक बी माझ्या हातात कोंबला. एक शब्द म्हणायचा, लग्न लागलं, सारे जेवायला मोकळे, आन् माझा मान माझ्याकडं परत. तोंड उघडलं म्या. तेवढ्यात मोनिकाकडं नजर गेली. पोरीच्या तोंडावर ज्वारी बसून राह्यली होती, आजूबाजूला लोकं उठून राह्यली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. पण तिनं हात खाली घेतला नव्हता. गाणाऱ्याचं गाणं संपलं की हात खाली येतो, एवढं मलाबी कळतं. ह्या पोरीचं संपलं नव्हतं. आन् तिच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! "ए राध्या!" मी माइकमधी ओरडले. "ढोलाला हात लावला तर हात मोडून ठेवीन! ए जनरेटर, बंद कर ते! आन् तुम्ही कुठं निघाले? लापशी पळून चालली का? या माघारी! पोरीचं संपलं न्हाई अजून. संपेस्तर कोणी हलायचं न्हाई, नवरदेवबी न्हाई!"

जनरेटर बंद झालं. पंगतीकडं निघालेले लोकं हातात चपला घेऊन होते तिथं उभे राह्यले. अंकुशनगरचे पाहुणे एकमेकाकडं बघून राह्यले, ह्यांच्याकडं अशीच पद्धत असल म्हणून तेबी उभे. टेंभुर्णीत भरदुपारी एवढी शांतता म्या जन्मात ऐकली न्हाई. आचाऱ्याच्या कढईतलं तेल तडतडताना ऐकू आलं.

मोनिकानं डोळे उघडले न्हाईत. तिनं श्वास घेतला आन् 'सावधान' म्हणली. माझ्यासारखा पारावर जाणारा न्हाई. हळू. जवळ बसून कोणाला तरी समजवावं तसा. वर नेला, खाली आणला, अडवला, सोडला, आन् अगदी शेवटी असा ठेवून दिला, झोपलेलं लेकरू ठेवतेत तसा. मंग हात खाली घेतला.

कोणी हललं न्हाई. हलावं तर साळूबाई ओरडती. अंतरपाट धरणारे दोघं तसेच धरून उभे. शेवटी त्रिंबकच बोलला, "आक्का, संपलं का?"

"संपलं," म्या म्हणलं. "आता टाका अक्षता!"

पण अक्षता होत्या कुठं? सगळ्यांनी आधीच झाडून टाकलेल्या. मंग आशाबाईनं पुढच्या बाईच्या केसातली ज्वारी वेचली आन् टाकली. तिचं बघून सारा मांडव एकमेकाच्या डोक्यातली, खांद्यावरची, फेट्यातली ज्वारी वेचून टाकायला लागला. त्रिंबकनं मोनिकाच्या केसातली वेचली. नवरा-नवरीवर कमी आन् पोरीवरच जास्त टाकली त्यानं. बँड वाजला. लोकं पंगतीला गेले, पण पळत न्हाई, चालत गेले.

मोनिका माझ्या गळ्यात पडली. "आत्या, पुरं झालं."

"झालं गं माझे बाई, पुरं झालं." मी भर मांडवात रडले. कोणाची भीती हाय का?

वरच्या आळीत कारभारी म्हणून एक जण हायत, ते पुढच्या सोमवारी आले. त्यांच्या पोरीचं लग्न होतं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मंग म्हणले, "साळूबाई, ते शेवटचं कडवं मोनिका म्हणल का? पोरगी हट्टाला पेटलीय."

मनात म्हणलं, गेलं. शेवटचं कडवं गेलं ते गेलंच. दुखलं, न्हाई कशाला म्हणू? "म्हणल की," म्या म्हणलं. "तारीख सांगा, तिला आजच फोन लावते. पहिल्या चाराला दुसरं कोणी बघा. मला नका बोलवू."

"असं कसं?" कारभारी घाबरून कप खाली ठेवत म्हणले. "तुम्ही पहिल्या पाहिजे. तुम्ही नसल्यावर ती थांबल तव्हा लोकांला गप कोण बसवील?"